निळ्या पेन्सिलीची रेघ

माझे पणजोबा एबेनेझर हॉल्डेन ऑल्बनी शहरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत असत. निवडणुकीच्या एका पत्रकात विरोधी उमेदवाराच्या पत्नीविषयी गलिच्छ मजकूर आला, तेव्हा त्यांनी हातातले खिळे खाली ठेवले, टोपी घातली आणि नोकरी सोडून ते घरी आले. त्या हिवाळ्यात घराने उकडलेल्या सलगमांवर दिवस काढले. त्यांचे पुत्र जोसाया, म्हणजे माझे आजोबा, ट्रॉय गावात मुख्याध्यापक होते आणि शिवी देणाऱ्या मुलाचे तोंड स्वतःच्या हाताने साबणाने धूत. जोसाया यांची कन्या विनिफ्रेड, माझी आई, टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडण्याचे काम करी. बोलणाऱ्याने अपशब्द वापरल्यास जोडणी तोडावी असा कंपनीचा नियम होता, आणि तो माझ्या आईइतक्या आनंदाने कोणी पाळला नसेल. त्यानंतर मी. लाविनिया हॉल्डेन प्रूइट, वय वर्षे ब्याऐंशी. न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या मर्यादा-विभागात मी एकतीस वर्षे काढली. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत कोणाविषयी काय बोलले जाईल हे माझी निळी पेन्सिल ठरवीत असे. लेखक मंडळी माझ्या पाठीमागे मला ‘मदर सुपीरियर’, म्हणजे कॅथलिक मठाची मुख्य जोगीण, म्हणत. प्रेस्बिटेरियन, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट, घरातल्या बाईला हे नाव ठेवण्यातला अडाणीपणा मी त्यांना कधी समजावून सांगितला नाही.

मंगळवारी सकाळी मी ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरच्या इलोनाच्या दुकानात केस करून घेत होते. दर मंगळवारी करते. पलीकडच्या तीन खुर्च्यांतल्या बायका एका फोनभोवती डोकी घालून हसत होत्या. त्यांपैकी एकीला आरशात मी दिसले आणि तिने फोन पालथा घातला. ‘‘दाखवा,’’ मी म्हटले. माझ्या आवाजातले काही वयाबरोबर गेलेले नाही. तिने मुकाट्याने दाखवला. फोनमध्ये माझा मुलगा ड्वाइट होता. आठवड्यातून चार रात्री तो आपल्या टेबलामागे बसून देशाला हसवतो, ही गोष्ट या शहरातल्या टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक आहे. विरोधी पक्षाच्या एका गव्हर्नर बाईंविषयी तो बोलत होता. विनोद तिच्या धोरणापासून सुरू झाला आणि अखेरच्या शब्दाला तिच्या शरीरावर येऊन थांबला. त्या शब्दावर शिट्टीचा आवाज चढवलेला होता, पण ओठ उघडे होते, आणि ते वाचायला शिक्षण लागत नव्हते. तो शब्द मी लिहिणार नाही. मला जे लिहायचे आहे ते निराळे आहे. राग यायच्या आधी मी समोरच्या आरशात पाहिले, तर क्लिपांनी भरलेल्या डोक्याखालचा माझा ओठ एका बाजूने वर गेलेला होता. ती गव्हर्नर बाई मला आवडत नाही. तिचा आवाज आवडत नाही, देवाचे नाव ती ज्या सहजतेने घेते ते आवडत नाही. आणि माझे तोंड, हॉल्डेनांचे तोंड, माझ्या परवानगीवाचून हसले होते.

‘‘तुमचा मुलगा म्हणजे अगदी भन्नाट हो, मिसेस प्रूइट!’’ इलोना म्हणाली.

‘‘क्लिपा काढ.’’

‘‘अहो, ओले आहेत अजून. बाहेर वारा बघा किती सुटलाय!’’

‘‘इलोना, काढ म्हटलं ना.’’

नोव्हेंबरच्या वाऱ्यात ओल्या केसांनी सात चौक चालत मी घरी आले, आणि प्रत्येक चौकात माझा संताप नवा माणूस पकडत गेला. आधी ड्वाइट. दोनच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या वाहिनीवरच्या एका विदूषकाने ड्वाइटच्या पक्षाच्या महापौर बाईंना हाच शब्द लावला होता. अक्षरशः हाच. तेव्हा ड्वाइटने टेबलावरचा दिवा मंद करवून पाच मिनिटे गंभीर आवाजात भाषण केले होते: एक मुलगा म्हणून, दोन मुलींचा बाप म्हणून, या देशाच्या सभ्यतेचे काय झाले म्हणून. शेवटी माझे नावही घेतले होते. त्या विदूषकाची नोकरी गेली आणि ड्वाइटची पाठ वर्तमानपत्रांनी थोपटली. मग त्या तीन खुर्च्यांतल्या बायका. त्या भाषणाला त्यांनी डोळे पुसले असतील, मी पैज लावते. मग ती शिट्टी, शब्द झाकल्याचे नाटक करून त्याच्याकडेच बोट दाखवणारी. माझ्या काळी शब्द कापला म्हणजे कापला जाई. त्याच्या जागी वाजंत्री वाजत नसे. असे म्हणत मी चालत होते, आणि ‘माझ्या काळी’ हे दोन शब्द मनात उमटताच मी चौकातच थांबले. कारण माझ्या काळी म्युरिएल होती.

ड्वाइट माझ्या आधीच घरात येऊन बसला होता. त्रेपन्न वर्षांचा माणूस, कोट न काढता, लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की बसायचा तसा खुर्चीच्या कडेवर.

‘‘आई, केस काय झाले तुझे?’’

‘‘माझ्या केसांचं सोड. काय हवंय?’’

‘‘पाहिलंस तर.’’ त्याने नाक चोळले. ‘‘हे बघ, जरा जास्त झालं. कबूल. जाहिरातदार ओरडताहेत, सकाळपासून फोन थांबत नाहीत. तर आमच्या लोकांना एक कल्पना सुचलीय. आज तू ये. पणजोबा जोसायांचा साबण तुला ठाऊकच आहे, मी शंभर वेळा सांगितलाय कार्यक्रमात. तू तबकात साबण घेऊन यायचं, मला चार शब्द सुनावायचे, मी मान खाली घालणार, लोक हसणार. विषय संपला.’’

‘‘आणि ती बाई?’’

‘‘कोण बाई?’’

‘‘जिला तू तो शब्द लावलास.’’

‘‘आई, तिच्याकडची माणसं काय काय बोलतात ते ऐकतेस का कधी?’’

‘‘मी त्यांची आई नाही.’’

तो हसला. त्याला वाटले, मी उत्तम वाक्य दिले. ‘‘हे! हेच संध्याकाळी म्हण. असंच, याच सुरात.’’ त्याने ते वाक्य खिशातल्या कागदावर टिपूनसुद्धा घेतले. मग, कागद घडी घालताना, सहज म्हणाला, ‘‘ज्या मुलीनं ते लिहिलं तिला काढतोय आम्ही. नंतर कुणी म्हणायला नको की आम्ही काहीच केलं नाही.’’

मी येते म्हणाले. त्याने माझ्या कपाळाचे चुंबन घेतले. मी का हो म्हणाले हे त्याने विचारले नाही, आणि विचारले असते तर मला त्या क्षणी सांगता आले नसते.

चार वाजता त्यांनी गाडी पाठवली. रात्री दिसणारा हा कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला चित्रित होतो. रात्र फक्त टेबलामागच्या खोट्या खिडकीत असते. गाडी ब्रॉडवेवरून मुंगीच्या गतीने खाली सरकत होती आणि मी एकेचाळीस वर्षे ज्या दाराला पाठ लावून उभी होते त्याच्या फटीतून म्युरिएल फिंक आत येत होती. बुटकी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोटांना नेहमी कार्बन कागदाची शाई. चौदा पुरुषांच्या लेखकवर्गात ती एकटी बाई आणि त्या मजल्यावर मी दुसरी. मजल्यावर बायकांचे स्वच्छतागृह नव्हते, म्हणून आम्ही दोघी दिवसातून दोनदा बरोबर दोन मजले उतरून जात असू, आणि त्या जिन्यावर तिने मला जितके हसवले तितके माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत हसवले नाही. ‘‘काय ग लाविनिया, आज माझी किती मुलं मारलीस?’’ ‘‘दोन.’’ ‘‘कुरूप होती का?’’ ‘‘तोंडाळ होती.’’ ‘‘आईवर गेली असतील!’’ शाळा सुटल्यावर ड्वाइट माझ्या कचेरीत अभ्यासाला येई, तेव्हा शेवटच्या शब्दाआधी किती थांबायचे हे त्याला तिनेच शिकवले. टेबलावर बोटे आपटून. एक, दोन, आता.

त्या धंद्यात एक रीत होती. लेखक वरच्या बाजूला एक अशक्य विनोद मुद्दाम लिहीत, मी तो कापावा म्हणून. तो कापल्याच्या समाधानात खालचे दोन मी सोडीन असा त्यांचा हिशेब असे. बळीचा बोकड म्हणत त्याला. मला ते ठाऊक होते, मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि अशा रीतीने सगळ्यांची अब्रू राही. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात म्युरिएलने सिनेटर हॉलिस्टर यांच्या पत्नीवर बोकड लिहिला. मिसेस हॉलिस्टर दारू सोडवणाऱ्या एका रुग्णालयातून तीन आठवड्यांपूर्वी बाहेर आल्या होत्या. विनोद असा होता: नव्या युद्धनौकेवर बाटली फोडण्याचा मान मिसेस हॉलिस्टर यांना मिळाला आहे, नौदलाची एवढीच प्रार्थना आहे की समारंभापर्यंत बाटलीत काही उरावे. चार वाजता कागद माझ्यापुढे आला. मी खालचे दोन विनोद कापले आणि वरचा राहू दिला. म्युरिएलची आई आजारी होती. कागद माझ्याकडे देऊन ती रेगो पार्कला घरी निघून गेली होती. बोकड मेलाच असणार, पाहायला थांबायचे कशाला?

विनोद रात्री प्रसारित झाला, आणि सकाळी वाहिनीच्या अध्यक्षांनी आम्हा दोघींना बोलावले. जाण्यापूर्वी मी कपाटातून माझी प्रत काढली, पेन्सिलीला टोक केले आणि त्या विनोदावर निळी रेघ ओढली. रेघ अगदी सरळ आली. मग अध्यक्षांच्या टेबलावर तो कागद ठेवून मी म्हणाले, ‘‘माझ्या प्रतीवर कापलेलं आहे. पुढे कसं गेलं, ते लेखकांना विचारा.’’ म्युरिएल म्हणाली, ‘‘रेघ नव्हती. लाविनिया, सांग ना यांना.’’ माझ्या पणजोबांचे, आजोबांचे आणि आईचे नाव माझ्या पाठीशी उभे होते. तिच्या पाठीशी कोण? कापलेला विनोद चोरून घुसवणारी म्हणून तिला काढले, आणि त्या कलंकानंतर कोणत्याच कार्यक्रमाने तिला उभे केले नाही. पंचवीस वर्षे तिने एका कंपनीसाठी वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांवरच्या चार ओळी लिहिल्या. मिसेस हॉलिस्टर पुन्हा कधी लोकांत दिसल्या नाहीत. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली. हे सगळे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे, आणि दर वेळी एका ठिकाणी घाईने पुढे गेले आहे: तो विनोद मी राहू का दिला? नजर चुकली, दिवस दगदगीचा होता. गाडी एकोणसाठाव्या रस्त्याशी थांबली. नजर चुकली नव्हती. माझी नजर कधी चुकत नसे.

रंगभूषेच्या खोलीत माझ्या वाऱ्याने विस्कटलेल्या केसांवर दोघी जणी तुटून पडल्या होत्या. दाराबाहेर एक तिशीच्या आतली मुलगी पुठ्ठ्याचे खोके छातीशी धरून उभी होती. खोक्यात एक दिवा, एक मग, लोकरीचे मोजे.

‘‘मिसेस प्रूइट? मी ब्रिजेट. ते मी लिहिलं. मला फक्त सॉरी म्हणायचं होतं. तुम्हाला यावं लागलं माझ्यामुळे.’’

‘‘आत ये. असला शब्द लिहिताना लाज नाही वाटली?’’

‘‘तो घेतील असं वाटलंच नव्हतं हो.’’ तिचे डोळे लाल होते, पण आवाज चिडलेला होता, आणि ते मला बरे वाटले. ‘‘पाच ओळी दिल्या होत्या. चार बऱ्या, आणि ती एक कापायला म्हणून. असं करतात इथे. वरची घाणेरडी कापतात, बाकीच्या वाचतात. त्यांनी नेमकी तीच उचलली. मी धावत गेले सांगायला, तर म्हणाले, अगं, वर शिट्टी टाकू, काय होतंय.’’

‘‘कोण म्हणालं?’’

तिने खोके एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले. नाव सांगायची गरजही नव्हती. मी केस करणाऱ्या त्या दोघींना म्हणाले, ‘‘पुरे. आहेत तसे राहू देत केस.’’ स्टर्लिंग नावाचा निर्माता, पांढरे दात, एक कागद घेऊन आला. कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर सही करावी लागते. सही नसेल तर त्याचे चित्र दाखवता येत नाही. हा नियम माझ्याच विभागाने एकेकाळी लिहिला होता. ‘‘नंतर करते,’’ मी म्हणाले. ‘‘चष्मा घरी राहिलाय.’’ चष्मा माझ्या पर्समध्ये होता.

मग दिवे. मग दोनशे माणसे उभी राहून टाळ्या वाजवीत होती, एका म्हातारीसाठी जिच्या हातात तबक आहे आणि तबकात साबण. कॅमेऱ्याशेजारी एक माणूस माझी वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे धरून होता. पहिल्या पुठ्ठ्यावर होते, ‘मी त्यांची आई नाही.’ माझेच वाक्य. ड्वाइटने मान खाली घातली होती, सराव केल्यासारखी, नेमकी हवी तितकी. त्या क्षणी मला तो जितका परका तितकाच माझा वाटला. मी तबक त्याच्या टेबलावर ठेवून बसले.

‘‘ड्वाइट, म्युरिएल फिंक आठवते?’’

पुठ्ठेवाला गोंधळून पुठ्ठे चाळू लागला. ड्वाइटने मान वर केली. ‘‘आठवते, आई.’’

मी सांगितले. बोकडाची रीत सांगितली, युद्धनौकेचा विनोद सांगितला. कोणी तरी हसले आणि लगेच खोकले. निळी रेघ सकाळी ओढल्याचे सांगितले. तिचे पूर्ण नाव दोनदा घेतले, आणि म्हणाले, ‘‘ती खरं बोलत होती. मी खोटं बोलले. तिचं काम गेलं, माझं राहिलं.’’

मग वरच्या रांगेतून एक पुरुष ओरडला, ‘‘शाब्बास, आजी!’’ आणि सगळे सभागृह टाळ्यांनी कोसळले. लोक उठून उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होती. ड्वाइटने माझा हात धरला. त्याचा चेहरा सुटलेला होता. साबणापेक्षा हे कितीतरी चांगले जमले होते. त्या टाळ्यांची ऊब माझ्या अंगावर आली आणि मला कळले की इथे थांबले तर मी पुन्हा एकदा म्युरिएलच्या जिवावर बढती घेईन. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कोणावर आहे याविषयी आता शंका नव्हती.

‘‘टाळ्या थांबवा,’’ मी म्हणाले. ‘‘खाली बसा. माझं संपलेलं नाही.’’

ते बसले.

‘‘तो विनोद मी चुकून सोडला नाही. मिसेस हॉलिस्टरच्या पक्षाला मी जन्मात मत दिलं नव्हतं. एका मेजवानीत तिनं मला कपडे सांभाळणारी समजून आपला कोट माझ्या हातावर टाकला होता. माझ्या आवडीच्या माणसाच्या बायकोवर तो विनोद असता, तर मी तो कापला असता आणि लिहिणारीला सभ्यतेवर भाषण दिलं असतं. मिसेस हॉलिस्टरला सगळ्या देशासमोर कुणी तरी खाली पाडावं असं मला वाटत होतं, आणि माझे हात स्वच्छ राहावेत असंही वाटत होतं. म्हणून मी पेन्सिल खाली ठेवली. त्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले आणि हसले. मजा आली मला. काल इथे जे हसले, त्यांना ही मजा माहीत आहे.’’

कोणी टाळी वाजवली नाही. ज्या बाईने डोळे पुसले होते ती आपल्या पर्सचा बंद पाहत होती. स्टर्लिंग कॅमेऱ्यामागून हाताने गळा कापल्याची खूण करीत होता. मी मुलाकडे वळले.

‘‘पाच ओळी होत्या. ती कोणी निवडली?’’

तो हसला नाही. थांबला. टेबलावरची त्याची बोटे मला दिसत होती, ती हलली नाहीत. ‘‘मी निवडली.’’

‘‘का?’’

‘‘ती बाई आपल्या बाजूची नव्हती म्हणून.’’

मध्यंतरात स्टर्लिंग कागद घेऊन धावत आला. ‘‘मिसेस प्रूइट, फार हृदयस्पर्शी. आपण जरा छाटू या. पहिला भाग सव्वा मिनिटात सुरेख बसतो, टाळ्यांवर संपवू.’’ मी पर्समधून चष्मा काढला. कागदाच्या समासात लिहिले: एकही शब्द न कापता, अन्यथा काहीही नाही. खाली पूर्ण नावाने सही केली आणि कागद ड्वाइटपुढे सरकवला. जाहिरातदारांची नावे स्टर्लिंगने दोनदा उच्चारली. ड्वाइटने सही केली, पेन मला परत दिले आणि माझ्याकडे न पाहता उठून गेला. जाताना दारातल्या मुलीला म्हणाला, ‘‘ब्रिजेट, ते खोकं खाली ठेव आणि कामाला लाग.’’ त्यानंतर तीन आठवडे झाले, त्याने मला फोन केलेला नाही. करील. नाही केला तरी मी माझे शब्द परत घेणार नाही.

त्या रात्री, कार्यक्रम लागायच्या आधीच, मी नेहमीप्रमाणे नऊ वाजता झोपले. सकाळी आठ वाजता फोन वाजला. माझा क्रमांक मी कधी बदललेला नाही.

‘‘लाविनिया.’’

आवाज म्हातारा झाला होता, पण जिन्यावरचाच होता. मी माफी मागण्यासाठी तोंड उघडले.

‘‘गप्प बस, मला बोलू दे,’’ म्युरिएल म्हणाली. ‘‘माझी बहीण वारली ती मी चोरटी आहे असं समजून वारली. ते काही तुला परत आणता येणार नाही. पण काल तू येणार अशी जाहिरात लागली, तशी इथे वृद्धाश्रमातल्या आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना मी बोलावून बसवलं होतं. सगळ्यांनी पाहिलं. तीन मिनिटं वीस सेकंद घेतलेस. मी लिहिलं असतं तर दोन मिनिटांत बसवलं असतं.’’

‘‘बसवलं असतंस.’’

‘‘कोटाचं मला माहीत नव्हतं.’’

‘‘कुणालाच माहीत नव्हतं.’’

मी पलंगाच्या कडेवर ताठ बसून होते, अनवाणी, आणि थंड फरशीवरून पाय उचलायचे मला सुचले नाही.

‘‘सुरुवात ऐकून मला वाटलं, अर्धं सांगशील आणि टाळ्या घेऊन घरी जाशील,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं दिलंस. फिटलं, लाविनिया.’’

आणि तिने फोन ठेवला.